काकूंच्या रंगाचा ठिपका

आमच्या कारखान्यात प्रत्येक बाईचा एक रंग होता. तुळशीबागेतून आणलेली नेलपॉलिशची बाटली जिच्या तिच्या टेबलावर असायची, आणि हातातलं कार्ड पूर्ण झालं की त्याच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका द्यायचा. कुणाचा आकाशी, कुणाचा राणी, कुणाचा शेंदरी. नखांना मात्र ते कुणीच लावत नसे, कारण बोटं दिवसभर गरम कथलाच्या धुरात असायची आणि संध्याकाळपर्यंत रंग काळा पडायचा. कार्ड म्हणजे वहीच्या पानाएवढी हिरवी पाटी. तिच्या भोकांतून बारक्या बारक्या भागांचे तारेचे पाय खाली काढायचे आणि मागच्या बाजूनं प्रत्येक पायाला गरम कथलाचा टाका मारायचा. वीज गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारी पेटी असते, तिच्या पोटात ही कार्डं जात. पुण्यातल्या ऑफिसांतून तेव्हा कॉम्प्युटर नुकतेच येऊ लागले होते. कॉम्प्युटर नवे आणि वीज जुनीच, त्यामुळं आम्हाला काम भरपूर.

कार्ड बिघडून परत आलं की कुणाच्या हातचं ते कळावं, म्हणून हा ठिपका. पण शिकाऊ बाईला रंग नसायचा. ती जिच्याशेजारी बसून शिकायची, तिच्याच रंगाचा ठिपका द्यायची. शिकवणारीनं जपून शिकवावं आणि शिकणारीनं तिची लाज राखावी, अशी ती रीत होती. कुणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं. कायम झालं की मग स्वतःची बाटली. मला काकूंच्या शेजारी बसवलं, म्हणून माझ्याही कार्डांवर काकूंचा मरून ठिपका.

मी भंडाऱ्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. धान रोवायला घरात हात कमी होते आणि पुढची शाळा नदीच्या पलीकडं होती. लग्नानंतर नवरा पुण्याला आला, हडपसरला लोखंड ठोकायच्या कारखान्यात लागला, आणि त्याच्या मागून मी आले. मांजरीला उसाच्या कडेनं नव्या खोल्यांची एक रांग उठली होती, तिच्यातली शेवटची खोली आमची. मुलगी तेवढी गावी माझ्या आईजवळ राहिली. नुकती नीट बोलायला लागली होती. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलायची, मीही दिवसभर कामावर, मग खोलीत तिला बघणार कोण? आमच्या औद्योगिक वसाहतीत एक पाळणाघर होतं, पण ते कायम झालेल्या बायकांच्या मुलांसाठी. तेव्हा आमचं ठरलं ते असं. दिवाळीपर्यंत मी कायम झाले तर मुलीला इकडं आणायचं. नाही झाले तर मीच परत गावी जाऊन तिच्याजवळ राहायचं, आणि नवऱ्यानं एकट्यानं इथं काढायचं.

एवढं एकच माझ्या डोक्यात असायचं. सकाळी गेटमधून आत शिरताना वाटायचं, आज म्हणतील, उद्यापासून येऊ नका. वॉचमननं नुसतं ‘थांबा’ म्हटलं तरी मी पिशवी छातीशी धरून उभी राहायचे. त्याला बिचाऱ्याला किती वाजले ते विचारायचं असायचं.

काकू पेठेतल्या. कारखाना पत्र्याच्या एका शेडमध्ये होता तेव्हापासूनच्या. केस घट्ट बांधलेले, पदर खोचलेला, आणि तोंडात शब्द मोजके पण टोकदार. त्यांच्या नवऱ्याची कंपनी बाहेरचा माल स्वस्तात यायला लागल्यावर आवरती घेतली गेली, त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली आणि तेव्हापासून घर काकूंच्या हातांवर चाललं होतं. हे मला इतर बायकांनी सांगितलं. काकू घरचं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, “आमच्याकडं पेपर रोज दोनदा वाचला जातो. बातम्या त्याच निघतात.”

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “राहतेस कुठं गं?”

“मांजरीले राहून राहिली.”

“राहून राहिलीस? मग ठीक आहे. राहून गेली असतीस तर पंचाईत होती.”

सगळी ओळ हसली. मी डबा उघडला नाही आणि संडासात जाऊन रडून आले. परत आले तर काकूंनी मान वर न करता विचारलं, “रडलीस?”

मी पदरानं डोळे पुसले.

“रडावं. पण कार्डावर नको. ओल्यावर कथील धरत नाही.”

पुढं त्यांनी मला टाका शिकवला. आधी पाय तापवायचा, मग कथील द्यायचं, मग हात हलू न देता थांबायचं. चांगला टाका चांदीच्या थेंबासारखा चमकतो. घाई केली की कच्चा राहतो. वरून लागलेला दिसतो, पण राखेसारखा मळकट असतो आणि आतून सुटलेला. माझे पहिले टाके बघून त्या म्हणाल्या, “हे काय, मुंगळ्यांचं वारूळ?” मग माझ्या मनगटाखाली स्वतःचा रुमाल दुमडून ठेवला. “हात टेकव. अधांतरी काही शिकता येत नाही.” तो रुमाल मी बरेच दिवस रोज धुऊन परत द्यायचे आणि त्या रोज परत माझ्या मनगटाखाली ठेवायच्या.

कार्डाच्या एका टोकाला ट्रान्सफॉर्मर बसायचा. त्याचे पाय जाड. त्यांना तापायला वेळ लागतो, आणि जास्त तापवलं तर खालची पाटी जळते. त्या पायांना काकू मला हात लावू देत नसत. “ते माझं. तू बारीक सारीक कर.” मी बारीक सारीक करून कार्ड त्यांच्याकडं सरकवायची, त्या जाड पाय करायच्या, आणि मग ठिपका.

आणखी एक सवय होती त्यांची. काही भागांवर रंगांचे पट्टे असतात, त्यावरून तो कुठला ते ओळखायचं. काकू एखादा उचलून माझ्यापुढं धरायच्या. “काय रंग आहेत? सांग बघू.” मी सांगायची, “तपकिरी, काळा, लाल.” “हं,” म्हणायच्या आणि तो बसवायच्या. मला वाटायचं, किती परीक्षा घेतात. घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे, आज काकूंनी इतक्यांदा विचारलं, एकदाही चुकले नाही.

दुपारी आम्ही शेडच्या मागं पिंपळाखाली डबा खायचो. काकूंच्या डब्यात तीन पोळ्या आणि एक कोरडी भाजी, रोज. माझ्याकडं जवसाची चटणी, कधी आंबाडीची भाजी. पहिल्यांदा मी डबा त्यांच्याकडं सरकवला तेव्हा मनात धाकधूक होतीच. आम्ही बौद्ध. विचारणारे इथंही विचारतात, फक्त फिरवून विचारतात. काकूंनी काहीच विचारलं नाही. चटणी पोळीवर घेतली, खाल्ली, आणि म्हणाल्या, “तिखट कमी घालत जा. माणसं आहोत आम्ही.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डब्यात एक पोळी जास्त आणली. माझ्यासाठी आणलीय असं म्हणाल्या नाहीत. “आज उरली होती,” म्हणाल्या. रोजच उरायची.

नवरात्र आलं तसं फळ्यावर लागलं की खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेनंतर काकूंचा सत्कार आहे. वर्षभरात त्यांच्या रंगाचं एकही कार्ड परत आलं नव्हतं. बायकांनी त्यांना घेरलं.

“काकू, पेढे.”

“सत्कार मालक करणार आहेत, पेढे त्यांना मागा.”

“काय देणार आहेत म्हणे?”

“कुकर. म्हणजे सत्कार झाला की घरी जाऊन डाळभात लावा, असा निरोप आहे.”

पण त्या दिवशी बसस्टॉपवर त्या माझ्याबरोबर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. त्यांची बस आली आणि गेली, त्या चढल्या नाहीत. मग म्हणाल्या, “इतक्या वर्षांत पहिल्यांदाच होतंय. घरी सांगितलं. पेपर खाली ठेवला त्यांनी.” एवढंच. पुढची बस आली तेव्हा मला विचारलं, “कुठल्या नंबरची आहे गं?” बस तेव्हा अगदी समोर येऊन उभी होती, पण काकू सुटे पैसे शोधायला पर्समध्ये वाकल्या होत्या, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

अष्टमीला कारखान्यात धुणंपुसणं होतं. टेबलं बाहेर काढून घासायची, उद्याची तयारी. त्याच सकाळी एका गिऱ्हाइकाकडून खोकं परत आलं. आमच्या ओळीचे साहेब तेव्हा नवीन होते, इंजिनियर होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि स्वभावानं चांगले होते. बायकांशी बोलताना त्यांचेच कान लाल व्हायचे. त्यांनी खोकं टेबलावर उघडलं. वरच्या कार्डावर मरून ठिपका. खालच्यावर मरून. तळापर्यंत मरून.

साहेब आधी काकूंकडं बघून म्हणाले, “काकू, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या रंगात सध्या काम कुणाचं जातंय, ते आम्हाला कळतं.” मग माझ्याकडं वळले. “ताई, शिकताना होतं असं. घाबरू नका. फक्त तुमचं कायम करण्याचं आपण जरा पुढं बघू. मालकांशी बोलून.”

पुण्यात ‘पुढं बघू’चा अर्थ काय होतो ते तोवर मला कळायला लागलं होतं.

मी कार्ड उलटं केलं. बारीक टाके ठीक होते. ट्रान्सफॉर्मरचे जाड पाय मात्र राखेसारखे मळकट. दुसरं उलटं केलं, तेच. तिसरं बघितलंच नाही. माझ्या आसपासच्या चार बायकांना माहीत होतं की जाड पायांना मी हात लावत नाही. त्या टेबलं पुसत होत्या, जरा जास्तच जोरात. काकू साहेबांच्या समोर उभ्या होत्या. कार्ड त्यांनी हात लांब करून धरलं, मग जवळ आणलं, मग पुन्हा लांब. मग खाली ठेवलं आणि बादली उचलून पाणी आणायला गेल्या.

मी बोलले नाही. बोलायला तोंड कुठलं? ज्या हातांनी माझ्या मनगटाखाली रुमाल ठेवला, त्या हातांकडं बोट दाखवायचं? आणि सत्कार उद्यावर आलेला. पण मुलगीही डोळ्यांपुढून हलत नव्हती. मागच्या खेपेला गावाहून निघताना ती झोपेत होती, तशीच ठेवून आले होते. तेवढं तोंड डोळ्यांपुढं.

दुपारी डबा खायला बसलो तर काकू बोलल्या नाहीत, मीही नाही. आंबाडीची भाजी होती. सवयीनं भाजी वाढलेलं डब्याचं झाकण त्यांच्या बाजूला सरकवलं. त्यांनी भाजीकडं बघितलं, हात लावला नाही. मग उठल्या आणि नळावर जाऊन बराच वेळ डबा धूत राहिल्या. जेवून रिकामा झालेला नव्हता तो. दोन पोळ्या तशाच होत्या, त्या आधी कागदात बांधून पिशवीत टाकल्या होत्या.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो स्टोव्हजवळ बसून चहा गाळत होता.

“तू सांगून टाक ना. काहून भेतेस?”

“तिनंच शिकवलं मले. तिच्याच वाईटावर जाऊ?”

“वाईटावर नोको जाऊ. खरं सांग.”

“उद्या सत्कार हाय तिचा.”

त्यानं चहा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, “मग दिवाळीची एक तिकीट काढू, का दोन?” त्यानं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. दोन म्हणजे आम्ही दोघं जाऊन मुलीला घेऊन येणार. एक म्हणजे मी जाणार आणि राहणार. मी म्हटलं, “एकच काढा.” त्यानं चहाचा कप उचलला नाही.

दसऱ्याचा दिवस म्हणजे आमचा मोठा दिवस. गावाकडं असताना आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो, पांढरी लुगडी, पांढरे सदरे, भाकरी बांधून घेतलेल्या. त्या वर्षी पहिल्यांदाच जाणं नव्हतं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी कारखान्यात गेले ती पाय ओढतच. टेबलांवर झेंडू, कथील वितळवायच्या हत्यारांना हळदकुंकू, मधोमध नारळ. मी भिंतीला लागून उभी होते. हातात तबक घेऊन काकू आल्या. मला वाटलं, आता मलाही हळदकुंकू वाहायला सांगतील आणि नाही म्हणायची पाळी येईल. त्यांनी तबक दुसरीच्या हातात दिलं आणि माझ्यापुढं झेंडूची पाटी ठेवली. “तू फुलं मांड. हळदकुंकवाला इथं बायका कमी नाहीत.” कालपासूनचं हे पहिलं वाक्य. माझ्याकडं बघितलं मात्र नाही.

मालक आले. वयस्कर, मृदू बोलणारे. सगळे गोल करून उभे राहिले. काकूंना पुढं बोलावलं. त्यांनी जांभळ्या काठाची साडी नेसली होती, घडीच्या रेघा तशाच होत्या.

मालक म्हणाले, “आपण इतकी वर्षं इथं आहात. आपल्या हातचं कार्ड कधी परत येत नाही, असं आमची गिऱ्हाइकं सांगतात.”

“आलंय की,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“परत आलंय. खोकंभर. साहेबांच्या कपाटावर ठेवलंय.”

साहेबांचे कान लाल झाले. “काकू, ते आपण नंतर…”

“नंतर कशाला? सगळे आहेत आत्ता.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जणू कुणाला पोळपाट आण म्हणून सांगताहेत. “त्यातले जाड पायांचे टाके कच्चे आहेत. जाड पायांना ही पोरगी हात लावत नाही. मी लावू देत नाही. म्हणजे ते माझे. मला उन्हाळ्यापासून धड दिसत नाही. रंगसुद्धा हीच सांगते मला.”

मालकांच्या हातात कुकरचं खोकं तसंच. चष्मा लागलेल्या बाईला टाक्यांच्या टेबलावर ठेवायचं नाही, असा आमच्याकडं तेव्हा नियम होता, आणि तो तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होता. काकूंना तर सगळ्यांच्या आधीपासून.

मालक चाचरत म्हणाले, “मग हे… म्हणजे आता…”

“ते वर्षभराचं आहे ना? द्या इकडं. वर्ष मी काढलंय.”

आणि त्यांनी कुकर घेतला. मागं वळून आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. नारळ फोडायचा राहिला होता, तो कुणीतरी फोडला. मी फुलं मांडत होते. मांडून झालेली फुलं पुन्हा मांडत होते.

दसऱ्यानंतर काकूंना पॅकिंगला पाठवलं. तिथं कार्डं थर्माकोलमध्ये बसवून खोकी चिकटवायची. मला साहेबांनी बोलावून सांगितलं की दिवाळीच्या आधी तुमचं कायम होईल. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते दोन पावलं मागं सरले आणि कपाटावर आपटले.

आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण पॅकिंगच्या दारावरून जाताना काकू आत वाकून बसलेल्या दिसायच्या आणि माझ्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. डबाही तिथल्याच बायकांबरोबर खायच्या. मला वाटलं, मी त्यांची जागा खाल्ली. असे आठ-दहा दिवस गेले असतील. मग एका दुपारी मी डबा घेऊन सरळ पॅकिंगमध्ये गेले.

“तुला कुणी बोलावलं?” काकूंनी विचारलं. नाकावर चष्मा होता, नवा, जाड काळ्या काडीचा. मी बघत राहिले तर म्हणाल्या, “बघ, बघ. शाळामास्तर दिसतेय.”

“काकू, तुम्ही माझ्यावर रागावल्या का?”

“हो.”

त्यांनी खोकं बाजूला सारून जागा केली आणि बस म्हणून खूण केली.

“त्या दिवशी मी गप्प बसायचं ठरवलं होतं,” त्या म्हणाल्या. “पक्कं. घरी सांगून बसले होते सत्काराचं. म्हटलं, तू तरुण आहेस, तुला दुसरीकडं कुठंतरी मिळेल. पाणी आणायला गेले ना, तेव्हा नळावर सगळा हिशेब बसवला मनात. छान बसला होता.”

“मग?”

“मग तू ती भाजी सरकवलीस.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “अगं, भांडायचं तरी. चारचौघींसमोर म्हणायचं, हे काम माझं नाही. मी तुला फाडून खाल्लं असतं आणि मोकळी झाले असते. तर तू भाजी सरकवतेस. नेहमीसारखी. असला राग आला तुझा. रात्रभर आंबाडी डोळ्यांपुढं.”

मी रडायला लागले.

“इथं रड हवं तर. थर्माकोलला काही होत नाही.”

लोकांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा त्यांना सत्काराचं बोलणं आवडतं, मालकांच्या तोंडावर ‘आलंय की’ म्हणणं. मलाही आवडतं. पण मी काकूंना जास्त ओळखते ती त्या नळावरच्या हिशेबावरून. तो हिशेब त्यांनी मला सांगितलाच नसता तर मी जन्मभर त्यांना देव मानून मोकळी झाले असते, आणि देवाला कोण ओळखतं? त्या घाबरल्या होत्या, माझ्याइतक्याच. मला वाटायचं, इथं भिणारी मी एकटी.

पुढं तो कारखानाही राहिला नाही. टाके मारायला यंत्रं आली, मग कार्डंच बाहेरून तयार यायला लागली. त्या जागेवर आता काचेची मोठी इमारत आहे आणि गळ्यात पट्टे घातलेली मुलं तिथं आतबाहेर करतात. साहेब सॉफ्टवेअर शिकून परदेशी गेले असं ऐकलं. ते सगळं फार नंतरचं.

दिवाळीला आम्ही दोन तिकिटांवर गेलो. मुलगी आधी दोन दिवस माझ्याजवळ आलीच नाही, आजीच्या लुगड्यामागून बघायची. परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर झोपली. वर्ध्यापासून पुण्यापर्यंत माझा पाय बधिर होता आणि मी तो हलवला नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी काकू मांजरीला आल्या. मी बोलावलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. दारात उभं राहून म्हणाल्या, “रिकाम्या हातानं आलेय. आशा ठेवू नका.” आणि आत आल्यावर पर्समधून पेरू काढून मुलीपुढं धरला.

“मले नोको,” मुलगी म्हणाली.

“बरोबर आहे. अनोळखी माणसाकडून घेऊ नये,” असं म्हणून काकूंनी पेरू स्वतःच खायला सुरुवात केली. थोड्या वेळानं मुलगी जवळ जाऊन उभी राहिली. काकूंनी उरलेला अर्धा न बघता तिच्या हातात दिला.

जेवण झालं. भात, आंबाडी, चटणी. तिखट कमी घातलं होतं तरी काकूंच्या नाकातून पाणी आलं. नवरा पाळीवर गेला. काकू म्हणाल्या, “पाच मिनिटं पाठ टेकते, मग निघते,” आणि चटईवर आडव्या झाल्या त्या गाढ झोपल्याच. मागच्या उसात वारा चालला होता. मी भांडी घासायला घेतली नाहीत, आवाज होईल म्हणून. कारखान्यात मी त्यांना कधी नुसतं टेकलेलंही बघितलं नव्हतं. झोपेत कपाळावरची आठी गेली होती, तोंड जरासं उघडं होतं. एक हात चटईबाहेर फरशीवर पडला होता, बोटांच्या टोकांना जुन्या चटक्यांचे डाग. कितीतरी वेळ मी तशीच बसले होते. घरी त्यांना असं झोपायला मिळत असेल का, असं मनात आलं.

मुलगी माझ्या कानाशी आली. “माय, हे आजी कोन होय?”

कामावरच्या काकू, एवढंच म्हणवेना. मी तिला जवळ घेतलं आणि हळूच सांगितलं, “यांच्यामुळं तू इथं आलीस.”

“गाडीचं तिकीट तिच्या बापानं काढलं,” काकू डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या. “पोरीला खरं सांगावं.”

आणि कूस बदलून पुन्हा झोपल्या.